मुठीतली लाख

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून माळ्यावरची लांबट पेटी खाली येते. कोणाकडे तलवार असते, कोणाकडे कट्यार, कोणाकडे नुसती गुप्ती. ज्यांच्याकडे यातले काहीच उरलेले नाही ते विळी, अडकित्ता, सुरी, आजोबांचा वस्तरा, आणि अलीकडे पाना-स्क्रूड्रायव्हरसुद्धा पाटावर मांडतात. हळद-कुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. घरातली लहान मुले पात्याला हात लावायला धावतात आणि मोठी माणसे ‘धार आहे हं’ म्हणून त्यांना मागे ओढतात. धार बहुधा पन्नास वर्षांपूर्वीच गेलेली असते, पण सगळ्यांचे लक्ष पात्याकडेच असते. मुठीकडे कोणी पाहत नाही. तिच्याबद्दल एकच वाक्य ऐकू येते, ते म्हणजे ‘मूठ जरा हलतेय, एकदा वेल्डिंग करून आणली पाहिजे.’

हे वाक्य आम्ही इतक्या घरांतून इतक्या वेळा ऐकले आहे, की यंदाच्या स्मरणिकेत मुठीवरच लिहावे असे ठरवले. वेल्डिंग करू नका, हे सांगायचे आहेच. पण का करू नये, हे सांगायचे तर मूठ कशी बनते, ती पात्याला कशी धरून असते आणि मुळात ती अशी सुटण्याजोगी का बनवत, हे आधी सांगायला हवे. त्यात आपल्या ग्वाल्हेरच्या वस्तीचा इतिहासही ओघाने येतो.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण हाताच्या मुठीची आहे. तलवारीच्या मुठीला मात्र ती शब्दशः लागू पडते, कारण झाकलेल्या मुठीच्या आत खरोखरच लाख असते.

आपल्याकडच्या नेहमीच्या तलवारीची मूठ लोखंडाची किंवा पोलादाची असते आणि वरून भरीव दिसत असली तरी आतून पोकळ असते. लोहार पत्रा तापवून, ठोकून तिचे दोन अर्धे भाग घडवत आणि ते पितळेच्या झाळकामाने एकमेकांना जोडत. जुनी मूठ उजेडात तिरपी धरली तर बाजूने गेलेली पिवळसर सांध्याची रेघ कधी कधी दिसते. मध्ये हाताने धरायचा फुगीर भाग, खाली आडवी फुली, वर बशीसारखी गोल तबकडी, तबकडीच्या माथ्यावर कळीसारखा मोगरा. काही मुठींना फुलीपासून तबकडीकडे वळत जाणारी, बोटांना झाकणारी कांबही असते; तिला परज म्हणतात. फुलीच्या मधोमध दोन लहान जिभा खाली उतरतात आणि पात्याच्या दोन्ही अंगांना चिकटून बसतात.

पाते आणि मूठ हे दोन वेगळे कारागीर, बहुधा दोन वेगळ्या गावांतले, स्वतंत्रपणे बनवत. पात्याच्या मागच्या टोकाला एक अरुंद शेपूट ठेवलेले असे. युरोपातल्या तलवारीत हे शेपूट मुठीतून आरपार जाते आणि वरच्या टोकाला ठोकून रिबिटासारखे पसरवतात. आपल्या तलवारीत ते आखूड, तीन-चार बोटांएवढे असते आणि मुठीच्या पोटातच संपते. त्याला ना खिळा, ना पेच. मग ते धरून ठेवते कोण? लाख.

पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर किडे जी लाख तयार करतात, तीच ही. ती वितळवून तिच्यात राळ आणि विटकरीची वस्त्रगाळ पूड मिसळत. नुसती लाख थंड होताना आकसते आणि ठिसूळ होते. विटेच्या पुडीने ती घट्ट, खरबरीत आणि ओझे पेलणारी होते. हे मिश्रण मुठीच्या पोकळीत भरायचे, मूठ निखाऱ्यांवर मंद तापवायची, पात्याचे शेपूट बेताचे गरम करून आत दाबायचे आणि लाख मऊ आहे तोवर डोळ्यासमोर धरून पाते व मूठ एका रेषेत आणायची. पात्याचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उष्णतेने उतरू नये म्हणून पात्यावर ओले फडके गुंडाळत. थंड झाले की सांधा असा बसे की माणूस घोड्यावरून वार करी, तरी मूठ जागची हलत नसे. पुन्हा मूठ तापवली की तोच सांधा लोण्यासारखा सुटे.

ही कारागिराची चालढकल होती असे आम्हांला वाटत नाही. सांधा सुटावा, हीच त्याची सोय होती. पाते वाकले, तुटले, झिजले तर मूठ तीच ठेवून पाते बदलायचे. चांगले पाते हाती आले आणि मूठ परक्या घाटाची असली तर पाते तेच ठेवून मूठ आपल्या हाताची बसवायची. म्हणून आपल्या घरातली तलवार ‘पणजोबांची’ असते तेव्हाही ती बहुधा एका वयाची नसते. पाते शंभर वर्षे आधीचे, मूठ नंतरची, म्यान आणखी नंतरचे, हा नेहमीचा हिशेब आहे.

पात्यांचा प्रवास तर थक्क करणारा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज आणि मागून आलेल्या इतर व्यापाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावर युरोपी पाती मोठ्या प्रमाणात उतरवली. जर्मनीतले झोलिंगेन हे त्यांचे एक मोठे गाव. ही सरळ, लांब, लवचिक पाती मराठ्यांना आवडली. परदेशी म्हणून त्या तलवारीचे नावच ‘फिरंग’ पडले. पण फिरंगी मूठ कोणी ठेवली नाही. पाते घ्यायचे, शेपूट कापून आखूड करायचे आणि दख्खनी मूठ चढवायची. अशा लांब, जड पात्याला नुसती लाख पुरत नसे, म्हणून मुठीच्या जिभा लांबवून, नक्षीदार पट्ट्या करून त्या पात्याच्या मुळाशी रिबिटांनी जखडत. धोपीला आणि खंड्याला हाताभोवती टोपलीसारखी रुंद परज आणि माथ्यावर बोटभर-वीतभर लांब दांडी असते. वार दोन्ही हातांनी करायचा असेल तेव्हा डावा हात त्या दांडीवर जातो. खंडेनवमीचे नाव ज्या खंड्यावरून पडले त्याची ही मूठ.

याचा ताजा आणि सुंदर दाखला गेल्याच वर्षी, २०२५ साली, महाराष्ट्रात आला. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनमध्ये लिलावाला निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पाते सरळ, एकधारी, युरोपी बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कोफ्तगरीची, आणि तिच्यावर हिरवे कापड गुंडाळलेले. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने मालकाचे नाव असून त्यात तिला ‘फिरंग’ असेच म्हटले आहे. म्हणजे पाते परके आहे हे मालकाला ठाऊक होते आणि त्यात त्याला काही कमीपणाही वाटत नव्हता. बागलाणातल्या मुल्हेरचे नाव मिरवणारी मूठ चढली, पाठीवर नाव कोरले, की तलवार भोसल्यांची झाली. वर्तमानपत्रांनी किंमत आणि पाते यांवरच रकाने भरले. आमच्या मते त्या तलवारीचा मराठीपणा मुठीत आहे.

आता ग्वाल्हेरकडे येऊ. आपले पूर्वज इथे एका दिवसात आले नाहीत आणि रिकाम्या हाताने तर नाहीच. महादजी शिंद्यांच्या फौजेत दोन प्रकारची हत्यारे शेजारी शेजारी नांदत होती. द ब्वान्य या सेनापतीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींच्या हातांत संगिनीच्या बंदुका होत्या. त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा-बंदुकांचा कारखाना चाले. घोडदळाचा मात्र भाला आणि तलवारीवरचाच भरवसा कायम होता. ही फौज दख्खनेतून माळव्यात, माळव्यातून राजपुतान्यात, तिथून दिल्ली-आग्र्याला फिरत राहिली. दख्खनी मुठीची फिरंग घेऊन निघालेल्या माणसाच्या हाती वाटेत सिरोहीचे हलके, वाकडे पाते येई, आणि उत्तर हिंदुस्थानी तबकडीची मूठही.

महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीचे १८०९ सालचे वर्णन ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत केले आहे. ती पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. ती छावणी म्हणजे कापडाचे एक चालते शहर होते, आणि शहर म्हटले की बाजार आला, कारागीर आले. १८१० मध्ये हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली बसला तो कायमचा. तंबूंची घरे झाली, पण नाव ‘लष्कर’ हेच राहिले. आज रिक्षावाल्याला ‘लष्कर चलो’ म्हणताना आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या तंबूंकडेच निघालेलो असतो.

म्हणून आपल्याकडच्या तलवारींत दोन्ही घाट मिळतात. टोपलीसारखी परज, माथ्यावर दांडी, रिबिटांच्या पट्ट्या अशी मूठ असेल तर ती दख्खनची परंपरा. गोल तबकडी, फुगीर मध्यभाग आणि लाखेचा सांधा असेल तर उत्तरेचा प्रचलित घाट, जो पुढे दक्षिणेतही सर्वत्र रुळला. नुसत्या घाटावरून ‘ही पानिपतावर गेली होती’ असे सांगणे धाडसाचे आहे. आपल्या प्रत्येक घरातली तलवार पानिपतावर गेली असती तर तिथे पराभव झाला नसता! मूठ सांगते ते इतकेच, की ही तलवार शेवटची ज्याने बांधून घेतली त्याला कोणता घाट आपला वाटत होता. हेही थोडे नाही.

इथे एका जुन्या गैरसमजाचा समाचार घ्यायला हवा. संग्रहालयात तलवार हातात घेऊ देत नाहीत, तरी काचेबाहेरूनही मूठ लहान वाटते. घरी ती हातात घेतली तर चार बोटेही धड मावत नाहीत. त्यावरून ‘जुन्या लोकांचे हात लहान होते’ असे आपलेच लोक सांगतात. इंग्रजांनीही तसे लिहून ठेवले आहे. हात लहान नव्हते. ती मूठ हातोड्यासारखी धरायची नसते. तळवा घट्ट बसावा, तबकडीची कड मनगटाला टेकावी आणि पुष्कळदा तर्जनी फुलीच्या पुढे निघून पात्याच्या मुळाला वेढावी, अशी तिची बांधणी आहे. मनगट सैल सोडून टोचण्यापेक्षा, खांद्यापासून हात फिरवत ओढून कापणारा वार तिच्यात सहज बसतो. मूठ ऐसपैस असती तर हात आत घसरला असता. दांडपट्ट्यात हीच कल्पना टोकाला नेली आहे. तिथे मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी हातमोज्याच्या पोटात आडवी असते, मनगट वळूच शकत नाही, आणि पाते म्हणजे हाताचीच वाढलेली लांबी होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. कट्यारीची तऱ्हा तिसरीच. दोन उभ्या दांड्यांमध्ये आडव्या पट्ट्या, त्या मुठीत आवळायच्या आणि ठोसा मारावा तसे टोचायचे. तिथे लाख नाही, सगळे काम ठोकजोडीचे आणि रिबिटांचे.

मूठ घडली आणि बसली, की मग तिच्यावरचे शेवटचे काम, सगळ्यांत वेळखाऊ. कानशीने कड मोडायची, मग बारीक वाळूने, मग कोळशाच्या पुडीने घासत जायचे. कोफ्तगरी करायची असेल तर लोखंडावर बारीक छिन्नीने आडव्या-उभ्या-तिरप्या इतक्या दाट रेघा मारतात, की पृष्ठभाग मखमलीसारखा खरबरीत होतो. त्यावर सोन्याची किंवा रुप्याची केसासारखी तार नक्षीप्रमाणे वाकवून हातोडीने बसवायची, तापवायची आणि अकीकाच्या दगडाने घोटायची. तार रेघांच्या दातांत अडकून राहते, डिंक-सरस काही लागत नाही. उरलेले लोखंड तापवून काळे-निळे करतात, की सोने उठून दिसते. ‘कोफ्त’ या फार्सी शब्दाचा अर्थच ‘ठोकलेले’. दुसऱ्या पद्धतीत आधी खोल चर खोदून त्यात जाड तार भरतात. तिला तहनिशान म्हणतात आणि ती जास्त टिकते. आपल्या पेटीतल्या मुठीवर सोने ‘उडाले’ असेल तर भिंगाखाली पाहा. सोने नसलेल्या जागी जाळीसारख्या रेघा दिसल्या तर तिथे कोफ्तगरी होती असे समजायला हरकत नाही.

यानंतर गादी. टोपलीच्या मुठीत आतल्या बाजूला शिवलेल्या कापडाची, मखमलीची किंवा कातड्याची गादी बसवत, म्हणजे वाराचा धक्का बोटांच्या सांध्यांना लागत नसे. तबकडीच्या मुठीवर दोरा किंवा कापड गुंडाळत, म्हणजे घामाने हात निसटत नसे. सगळ्यांत आधी हरवते ती ही गादी. कसर लागते, किंवा सुनेच्या-लेकीच्या हातून साफसफाईत ‘घाणेरडी चिंधी’ म्हणून जाते.

हे काम करणारे कोण? लोहार, झाळकाम करणारे, कोफ्तगर, म्यानाचे कारागीर, आणि या सगळ्यांच्या शेवटी शिकलगार. घासणे, चकाकी आणणे, धार लावणे हे शिकलगाराचे काम. त्यांच्यात मुसलमान होते, हिंदू होते, शीखही होते. खंडेनवमीला ज्या शस्त्रांपुढे आपण हात जोडतो, त्यांच्यावर कोणत्या एका धर्माच्या हाताचा शिक्का नाही, हे विसरू नये. शिकलगार दसऱ्याआधी गल्लीतून पायाने फिरवायचे चाक घेऊन हाक देत जायचे ते आमच्या पिढीने पाहिले आहे. पुढे त्या चाकावर कात्र्या आणि सुऱ्याच जास्त चढू लागल्या.

तलवारीचे काम संपले कसे, त्याची ग्वाल्हेरची तारीख सांगता येते. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी इंग्रजांशी लढाया झाल्या. ग्वाल्हेरच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, पण हार झाली. पकडलेल्या तोफांचा धातू वितळवून इंग्रजांनी त्यातूनच आपल्या सैनिकांसाठी पदके पाडली. पुढल्या महिन्यात झालेल्या तहाने शिंद्यांची फौज ९,००० वर आणली. हजारो माणसे एकाएकी घरी बसली. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथेच पडली. गंगादासांच्या मोठ्या शाळेतल्या साधूंनी तेव्हा हत्यार धरले. ती शस्त्रे शाळेत जपलेली आहेत. परंपरा ७४५ साधूंच्या बलिदानाची आठवण सांगते. आपल्यापैकी बरेच जण फूलबागेतल्या समाधीवर जातात, पण शाळेत फार थोडे. एकदा जावे.

त्यानंतर तलवार कमरेला राहिली ती दरबारी पोशाखाचा भाग म्हणून. तशा तलवारींची मूठ पाहिली की काळ कळतो. सोने वाढले, मखमल वाढली, आणि पाते मात्र हलके, कधी कधी नुसते मिरवायचे. महाल जयविलास १८७४ चा. त्यातल्या संग्रहालयात हा फरक काचेआडून पाहता येतो. दसऱ्याला मांढरेच्या मातेच्या टेकडीखाली शिंदे घराण्याचे प्रमुख शमीला तलवार लावतात आणि लोक पानांवर झेप घेतात, तेव्हा बहुतेकांची नजर पानांवर असते. पुढच्या वेळी क्षणभर त्या मुठीवर ठेवा.

आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेरची दुसरी मोठी मराठी वस्ती तंजावरची. तिथल्या राजवाड्याचे शस्त्रागार हिंदुस्थानातल्या उत्तम शस्त्रागारांपैकी होते. पोलाद कोरून केलेले व्याळ, पोपट, वेली अशा मुठी-परजांवर होत्या. १८५५ मध्ये राजा वारला, राज्य खालसा झाले आणि पुढे काही वर्षांत त्यातली पुष्कळशी शस्त्रे मोडीच्या भावाने गेली. वाचली त्यांतली काही चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात आहेत. ज्यांनी मोडीत काढली त्यांनी लोखंडाचे वजन केले, मुठीचे नाही.

मोडीचा काटा आपल्या घरांतही येतो, फक्त तो सुधारणेच्या वेषात येतो. म्हणून आता कामाचे बोलू.

मूठ हलते म्हणजे तुटलेली नसते. दीड-दोनशे वर्षांत लाख ठिसूळ होऊन भुगा होते. म्यानातून किंवा फुलीच्या फटीतून तांबूस-काळी पूड पडते ती पुष्कळदा गंज नसून त्या जुन्या लाखेची आणि विटेची असते. हलवल्यावर आत खडखड वाजले तर तोच भुगा. यावर उपाय नवी लाख, आणि ती जाणकाराकडूनच भरून घ्यावी. वेल्डिंगच्या ठिणगीने शेपटाजवळचे पाणी उतरते, मुठीवरची कोफ्तगरी करपते, आणि पाते जौहरदार, म्हणजे लाटांसारख्या रेषांचे असेल तर त्या रेषा तिथे कायमच्या पुसल्या जातात. दोन नळ्यांतला डिंक, ज्याने हल्ली सगळे काही चिकटवतात, तोही मुठीत ओतू नये. लाख हलक्या आचेवर सुटते, तो सुटत नाही. पुढच्या पिढीला पाते काढून त्याच्या शेपटावर काही खूण आहे का ते पाहायचे असेल तर वाट बंद होते. जुन्या कारागिराने मुद्दाम ठेवलेली वाट आपण बुजवावी, हे आम्हांला पटत नाही.

स्पिरिटने मूठ पुसू नये. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो. तेच स्पिरिट फटीतून आत गेले तर सांधा सैल होतो. पॉलिशपेपर, चिंच, राख, लिंबू यांनी पितळेची समई घासावी, मूठ नाही. हळद-कुंकवाला आमची ना नाही. तो कुळाचार आहे. पण ओली हळद कोफ्तगरीवर थापण्याऐवजी शस्त्राशेजारी विड्याच्या पानावर वाहिली तर देवी रागावणार नाही. नवरात्र पावसाळ्याच्या शेपटावर येते, हवेत ओल असते, म्हणून त्याच संध्याकाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसून पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. गादी असेल तर तेल तिच्यापर्यंत जाऊ देऊ नये.

ज्यांच्याकडे तलवार नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातली सुरी आहेच, आणि तिचे गणित वेगळे नाही. ग्वाल्हेरच्या रस्त्यांच्या कडेला गाड्या लावून बसणारे गाडिया लोहार आजही पाते हाताने ठोकून देतात. चितोड पडल्यावर घर न बांधण्याची शपथ घेतली, ही त्यांच्यातली परंपरा. १९५५ मध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभाने चितोडगडावर घेऊन गेले, तरी गाड्या काही सगळ्यांच्या सुटल्या नाहीत. त्यांच्या सुरीचे शेपूट लाल करून शिसवीच्या किंवा बाभळीच्या मुठीत धूर काढत बसवतात. लाकूड जळून स्वतःच्या मापाचे भोक करून घेते. तोंडाशी लोखंडी कडे घालतात, म्हणजे लाकूड चिरत नाही. अशी मूठ पाण्यात भिजत ठेवली की फुगते, वाळली की आकसते, आणि चार महिन्यांत सुरी मुठीतून बाहेर येते. मग दोष लोहाराला. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला खरादावर लाकूड फिरवून त्यावर रंगीत लाख चढवण्याचे काम प्रसिद्ध आहे. तिथे लाख बाहेरून, तलवारीत आतून, एवढाच फरक. इंग्लंडातल्या शेफील्डच्या चांदीच्या मुठींच्या सुऱ्यांतही आत राळेचे भरण असे, म्हणूनच त्या उकळत्या पाण्यात टाकू नयेत अशी तिकडच्या आज्यांची ताकीद असायची. आपल्या विळीला तर मूठच नाही. तिथे पाते स्थिर, भाजी फिरते आणि पाटावर दाबलेला पाय हीच मूठ. इतकी साधी युक्ती आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली आणि तिच्यावर कोणी एक लेख लिहिला नाही, हा आमच्यासह सगळ्यांचा आळस.

राहता राहिली मुले. पुण्या-बंगळुरूला आणि त्याहून दूर गेलेली मुले हल्ली ‘आजोबांची तलवार मी नेतो’ म्हणतात. ऐकून बरे वाटते. पण शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरात ठेवण्याबाबत १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याचे नियम आपल्या ठाण्यात विचारून घ्यावेत. परदेशी मुलाला द्यायचेच असेल तर मुठीचे चारही बाजूंनी, तबकडीच्या माथ्याचे, फुलीच्या फटीचे आणि पाठीवरच्या अक्षरांचे स्वच्छ फोटो काढून द्या. मूठ टाचेपासून मोगऱ्यापर्यंत किती बोटे, गादी आहे की नाही, कोणी कधी दुरुस्त केली, कोणत्या घरातून आली, हे वहीत लिहा. एरवी तोंडी चालत आलेले ‘पणजोबांची’ एवढेच उरते, आणि दोन पिढ्यांनी कोणत्या पणजोबांची हेही सांगता येत नाही.

यंदा पेटी उघडाल तेव्हा म्यान उलटे करून एका पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. तांबूस पूड पडली तर ती फुंकून टाकू नका, कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून पेटीतच ठेवा. नवी लाख भरणाऱ्याला जुन्या मिश्रणात काय होते ते त्या पुडीवरून कळते.